कमी खर्चात मॅक्रो सुरू करायचंय, पहिला खर्च कशावर करू?

ठिपका_दिसतोय
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅननचा जुना एपीएस-सी (लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ एमएमची लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२५०, एवढाच संसार. सध्या डोक्यात किड्यांचं वेड शिरलंय, त्यातही ते छोटे उड्या मारणारे कोळी असतात ना, त्यांचे पुढचे दोन मोठ्ठे डोळे नीट दिसतील असा फोटो काढायचाय. पण १८-५५ ने कितीही जवळ गेलो तरी कोळी म्हणजे मधोमध एक ठिपका, आणि अजून जवळ गेलं की फोकसच होत नाही. अगदी जवळून मोठे फोटो काढायची खास मॅक्रो लेन्स घेणं आत्ता शक्य नाही (घरी विषय काढला की आधीचा कॅमेरा किती वापरलास असा उलटा प्रश्न येतो). शोधाशोध केली तर एक म्हणतो कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी ट्यूब घे, दुसरा म्हणतो लेन्स उलटी लाव, तिसरा म्हणतो लेन्सच्या पुढे लावायचा क्लोज-अप फिल्टर. आता पहिला खर्च एकच करायचा असेल तर कशावर करू? आणि ते चार फिल्टरचे स्वस्त सेट मिळतात, +१, +२, +४, +१० वाले, ते खरंच चालतात का?

उलटा_कारभार
रिव्हर्स रिंग!! विषय संपला. एका बाजूला लेन्सच्या पुढच्या फिल्टरचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स अडकते ती कडी), आत काच नाही काही नाही, सगळ्यात स्वस्त प्रकार हाच. १८-५५ उलटी लावायची आणि झूम फिरवायचा, इथे सगळं उलटं चालतं, ५५ ला कमी मोठं दिसतं आणि १८ कडे जाल तसं वेड लागेल इतकं मोठं. विषय लेन्सपासून चारपाच सेंटीमीटरवर येतो, झूम कुठेही असला तरी त्यात फार फरक पडत नाही.

कटकट एकच, अ‍ॅपर्चर. म्हणजे लेन्सच्या आतलं, उजेड किती येईल ते ठरवणारं भोक. लेन्स उलटी झाली की कॅमेऱ्याशी बोलणं बंद, आणि कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं त्यामुळे ते पूर्ण उघडंच राहतं. त्यावर तोडगा असा की लेन्स आधी सरळ लावायची, ए-व्ही मोडमध्ये (भोक आपण ठरवतो तो मोड) एफ/८ किंवा एफ/११ सेट करायचं (आकडा मोठा तितकं भोक बारीक), डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (भोक फोटोआधीच बारीक करून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि कॅमेरा चालू असतानाच लेन्स काढायची. अ‍ॅपर्चर तिथेच अडकून राहतं. मग उलटी लावा. निकॉनवाल्यांचं बरोब्बर उलटं, त्यांच्या जी (रिंग नसलेल्या) लेन्स काढल्या की अ‍ॅपर्चर एकदम बारीक होतं, मागची छोटी पट्टी सरकवून तिथे कागदाची घडी खोचावी लागते. अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स कुणाकडे पडून असेल तर हे काहीच करावं लागत नाही.

आठ_डोळे
वरच्यांचा उत्साह मान्य, पण कोळ्यासाठी पहिली गोष्ट म्हणून रिव्हर्स रिंग मी नाही सुचवणार. अ‍ॅपर्चर बारीक करून ठेवलं की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, आणि समोरचा प्राणी उडी मारणारा. स्थिर वस्तूंसाठी मस्त आहे, तेवढंच.

तुमच्याकडे ५५-२५० आहे ना, मग प्रश्न सुटलाच आहे. रेनॉक्सचं डीसीआर-२५० बघा. ही लेन्सच्या पुढे चिमट्यासारखी बसणारी क्लोज-अप लेन्स आहे, ५२ ते ६७ एमएम फिल्टर साइजच्या कुठल्याही लेन्सवर बसते, पॉवर +८. याचा हिशोब सोपा आहे, लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) गुणिले पॉवर भागिले १०००. म्हणजे १२५ एमएमला १:१ आणि २५० ला २:१. १:१ म्हणजे किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटतो, तुमचा सेन्सर साधारण २२ एमएम रुंद आहे म्हणजे १:१ ला चौकटीत २२ एमएम मावतात आणि २:१ ला फक्त ११. पाचसहा एमएमच्या कोळ्याचे डोळे काढायला हे भरपूर झालं, सुरुवातीला तर जास्तच होईल.

आणि अंतर? १००० भागिले पॉवर, म्हणजे १२५ एमएम, साडेबारा सेंटीमीटर, आणि गंमत म्हणजे झूम कितीही केला तरी फोकस अनंतावर असेपर्यंत हे अंतर तेवढंच राहतं. म्हणजे आधी १०० ला ठेवून कोळी शोधायचा, सापडला की जागेवरून न हलता झूम करत जायचं. ही सोय खऱ्या मॅक्रो लेन्सलाही नाही. अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातूनच चालतं, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणं) चालतं, उजेड कमी होत नाही. फार वाइड गेलात (झूम फार कमी केलात) तर कोपरे काळे दिसतील, ते दिसायचे थांबले की तिथून पुढे वापरायचं.

+८ हाताळायला जड वाटलं तर त्यांचंच डीसीआर-१५० आहे, पॉवर +४.८, अंतर वीसेक सेंटीमीटर मिळतं, फुलपाखरं आणि चतुरांसाठी तेच बरं.

आता ते चारचे सेट. त्यात काचेचं एकच भिंग असतं म्हणून कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा आणि कोपरे सगळे पसरट, +१० मध्ये तर मधला भाग सोडला तर काही बघण्यासारखं राहत नाही. रेनॉक्समध्ये एकाहून जास्त भिंगं मिळून रंगांची ती फाटाफूट सावरलेली असते, अशाला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात, फरक पैशाचा नाही काचेचा आहे. तुमच्याकडे तो सेट आधीच असेल तर +२ किंवा +४ लावून एफ/८ ठेवा आणि विषय मधोमध ठेवा, बऱ्यापैकी काम होतं. नव्याने मात्र घेऊ नका.

ठिपका_दिसतोय
अरे वा, एवढं सविस्तर! पण ट्यूबबद्दल सगळीकडे वाचलं की आत काच नसते त्यामुळे क्वालिटी अजिबात जात नाही, मग ट्यूबच चांगली नाही का? १२, २० आणि ३६ असा तीनचा सेट दिसतोय.

पोकळ_नळी
ट्यूबवाला मीच, वर्षानुवर्षं वापरतोय, तरीही सांगतो तुमच्या लेन्सवर घेऊ नका 😀

कारण असं की ट्यूबने मॅग्निफिकेशन किती वाढतं ते लेन्सवर ठरतं. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. २५० एमएमवर ३६ ची ट्यूब लावली तर ०.१४ ची भर, म्हणजे न लावल्यासारखंच. तीच ५० एमएमवर लावली तर ०.७२ ची भर, आणि तिन्ही मिळून ६८ लावल्या तर १:१ च्याही पुढे. १८-५५ वर १८ कडे लावाल तर फोकसची जागा जवळजवळ लेन्सच्या काचेवरच येते, ती लेन्स ट्यूबवर ५५ च्या आसपासच वापरायची. थोडक्यात ज्याच्याकडे ५० एफ/१.८ आहे त्याने डोळे मिटून ट्यूब घ्यावी, ज्याच्याकडे लांब झूम आहे त्याने वरचा रेनॉक्सचा रस्ता धरावा.

काच नसते म्हणून क्वालिटी जात नाही हेही अर्धंच खरं, ट्यूब काही बिघडवत नाही पण लेन्स ज्या अंतरासाठी बनवलेली नाही तिथे तिला जबरदस्तीने कामाला लावते, म्हणून एफ/१.८ ला भुरकट दिसतं आणि एफ/८ ला छान. शिवाय उजेड जातो, १:१ ला पूर्ण दोन स्टॉप, म्हणजे पाव उजेडच उरतो.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना, इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट असलेल्याच घ्या. एकदम स्वस्तातल्या नुसत्या धातूच्या नळ्या असतात, त्यात अ‍ॅपर्चरचं तेच रडगाणं जे रिव्हर्स रिंगचं. आणि प्लास्टिकच्या माउंटवर जड लेन्स लटकवू नका, माउंट खेळायला लागतो.

उलटा_कारभार
रडगाणं काय राव, अख्खा कोळी चौकटीत न मावण्याइतका मोठा दिसतो याचं काहीच नाही का 😄 बरं अजून एक देतो, ५५-२५० वर पुढून ५० एमएम लेन्स उलटी जोडायची, दोन्हीकडे आटे असलेली कपलिंग रिंग मिळते. २०० ला ठेवलं तर २०० भागिले ५०, सरळ चारपट. इथे अ‍ॅपर्चर मागच्या लेन्सचं वापरायचं, पुढची पूर्ण उघडी.

पांढरा_कागद
सगळे काचेवरच अडकलेत. मूळ प्रश्न पहिला खर्च कशावर असा आहे म्हणून माझं मत, रेनॉक्स घ्या किंवा ट्यूब घ्या, पण त्यानंतरचा प्रत्येक पैसा उजेडावर. किड्यांचे जे फोटो बघून आपण हरखून जातो त्यात लेन्सचा वाटा कमी आणि फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या डिफ्यूझरचा जास्त असतो.

का ते सांगतो. १:१ ला एफ/८ ठेवलं तर एपीएस-सी वर स्पष्ट दिसणारी जाडी अर्धा ते पाऊण एमएम. एवढ्याशा जाडीत डोळे बसवायचे तर एफ/८, एफ/११ लागणारच, त्याहून पुढे एफ/१६, एफ/२२ ला जाऊ नका कारण जवळून काढताना खरं अ‍ॅपर्चर सांगितल्यापेक्षा बारीक झालेलं असतं, १:१ ला ट्यूबवर किंवा मॅक्रो लेन्सवर एफ/१६ म्हणजे जवळपास एफ/३२, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. तर एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमी आणि हात हलतोय, किडा हलतोय, फांदी हलतेय. उन्हातसुद्धा पुरत नाही. आणि पुरलं तरी कडक उन्हात किड्याची पाठ चमकून पांढरीफटक होते.

फ्लॅश आला की सगळं बदलतं. एक साधा मॅन्युअल फ्लॅश पुरे, टीटीएल (पॉवर आपोआप ठरवणं) नको, हाय स्पीड सिंक (फार वेगवान शटरसोबत चालणं) नको, गोडॉक्स, योंगनुओ यांचे बेसिक मॉडेल चालतात, सेकंडहँड असला तरी चालेल. कॅमेरा मॅन्युअलवर, १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ पॉवरला आणि मग फोटो बघून फ्लॅशच खालीवर करायचा. कमी पॉवरला फ्लॅश इतका क्षणभर पेटतो की शटर १/२०० असलं तरी फोटो त्या क्षणाचाच येतो, हाताची थरथर गोठते.

पण फ्लॅश उघडा मारलात तर कोळ्याच्या डोळ्यात एक कडक पांढरा ठिपका येतो आणि बाकी अंगावर काळ्या सावल्या. म्हणून डिफ्यूझर, आणि डिफ्यूझरचा एकच नियम आहे, किड्याच्या जितका जवळ आणि किड्याच्या मानाने जितका मोठा तितका चांगला. फ्लॅशच्या तोंडावर मिळणारी ती छोटी पांढरी टोपी यासाठी कुचकामी, ती फ्लॅशला मोठं करत नाही. घरीच करा. सामान पाठवताना खोक्यात घालतात ना, तो पातळ पांढरा फोमचा कागद, किंवा ट्रेसिंग पेपर, पुठ्ठ्याची चौकट, चिकटपट्टी, आणि सगळं लेन्सच्या टोकाच्या पुढे कमानीसारखं वळवून आणायचं म्हणजे उजेड वरून आणि दोन्ही बाजूंनी पडतो. दोन थर लावा, मधे थोडी हवा सोडा, एकाच थरात फ्लॅशचा गरम गोळा दिसत राहतो. दिसायला भयंकर दिसतं, वाटेवर लोक थांबून विचारतात हे काय आहे. जमलंय की नाही ते डोळ्यातल्या प्रतिबिंबावरून कळतं, मोठं मऊ पांढरं दिसलं की जमलं.

फ्लॅश घ्यायचा नसेल तर कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश पण चालतो, फक्त लांब लेन्सची सावली किड्यावर पडते म्हणून फोमचा कागद तिथूनच लेन्सच्या टोकापर्यंत उताराने आणायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो नाहीतर विचाराल, मागचं सगळं काळं येतं. फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही म्हणून. किड्याच्या मागे दोन-तीन इंचांवर एखादं पान येईल असा कोन पकडायचा.

आठ_डोळे
+१ वरच्या प्रतिसादाला. यांचा कागद आणि माझं रेनॉक्स, झाला सेट.

जुनं_ते_सोनं
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे सगळे जुगाड करून शेवटी सगळेच मॅक्रो लेन्स घेतात. मग जुनी मॅन्युअल मॅक्रो लेन्स का नाही? मॅक्रोमध्ये ऑटोफोकसचा तसाही उपयोग नाही, त्यामुळे ज्या कारणाने या जुन्या लेन्स स्वस्त विकल्या जातात ते कारण आपल्याला लागूच नाही. निकॉनची मायक्रो-निक्कोर ५५ एमएम, टॅमरॉनची ९० एमएम एफ/२.५, या १:२ पर्यंत (किड्याच्या निम्म्या आकारापर्यंत) जातात, अ‍ॅडॉप्टरने कॅननवर बसतात. १:२ कमी वाटतं पण हिशोब करा, २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० पिक्सेल रुंदी, १:२ ला चौकटीत ४५ एमएम मावले, तर १० एमएमचा किडा तेराशे पिक्सेल भरतो, स्क्रीनवर दाखवायला क्रॉप करून आरामात पुरतो.

घेताना काच उजेडात धरून आत बुरशीचे धागे आहेत का आणि अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल आहे का एवढं बघायचं. बारीक धूळ असली तर घाबरू नका, फोटोत येत नाही.

अजून एक, ती किमान फोकस अंतराची संख्या बघून फसू नका, ते अंतर सेन्सरपासून मोजतात. निकॉनच्या ४० एमएम मॅक्रोचं १६ सेंटीमीटर लिहिलेलं असतं, पण १:१ ला लेन्सच्या टोकापासून किडा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरवर येतो, कोळी तोपर्यंत पळालेला असतो. किड्यांसाठी ९०-१०० च बघा.

पोकळ_नळी
जुन्या लेन्सबद्दल सहमत. निकॉनवर एम४२ (जुन्या, आट्यांच्या माउंटच्या) लेन्स लावणाऱ्यांसाठी जोडतो, ते काचवाले अ‍ॅडॉप्टर मिळतात अनंतावर फोकस व्हावा म्हणून, ते घेऊ नका. मॅक्रोला अनंत लागतच नाही, बिनकाचेचा साधा घ्या, तो स्वस्तही पडतो आणि चित्रही खराब करत नाही.

फोनवाली
इथे कॅमेरेवाल्यांची चर्चा चाललीये त्यात घुसते, सॉरी. माझ्याकडे फक्त फोन आहे, त्यात २ मेगापिक्सेलचा मॅक्रो म्हणून वेगळा कॅमेरा दिलाय पण फोटो एकदम बेकार येतात. काही होईल का की नादच सोडू?

आठ_डोळे
सोडू नका. तो २ मेगापिक्सेलवाला कॅमेरा विसरा. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्स लावा, काचेची बघून घ्या, वाइड आणि फिशआय सोबत देणारे तीन-चारचे सेट असतात ते नकोत. फोनमध्ये २एक्स किंवा ३एक्स टेलिफोटो असेल आणि तो खरंच चालू होत असेल तर त्याच्यावर लावा, अंतर जास्त मिळतं. लावल्यावर बोटाने दाबून फोकस शोधत बसायचं नाही, फोन पुढेमागे न्यायचा. महागड्या फोनमध्ये अल्ट्रावाइडवरचा मॅक्रो मोड असतो, उदाहरणार्थ आयफोन १३ प्रो २ सेंटीमीटरपर्यंत जातो, पण एवढ्या जवळ गेलं की फोनचीच सावली पडते, उजेड बाजूने येईल असं उभं राहायचं.

उलटा_कारभार
कुणाकडे जुनी ५० एमएम असेल तर ती उलटी करून फोनच्या कॅमेऱ्यासमोर नुसती धरा ताई. मग बघा. (हो, मी सगळीकडे हेच सांगतो.)

ठिपका_दिसतोय
सगळ्यांचे मनापासून आभार. डीसीआर-२५० घेतो आणि फ्लॅश सध्या कॅमेऱ्यावरचाच, फोमचा कागद घरात आहे. आता दोन शंका. ट्रायपॉड लागेल का? आणि अर्ध्या एमएमच्या जाडीत फोकस बसवायचा कसा, ऑटोफोकस नुसता पुढेमागे गोल गोल फिरत बसतो.

पांढरा_कागद
ट्रायपॉड नको, बाहेर किड्यांसाठी त्याचे पाय पसरेपर्यंत किडा जातो. फ्लॅश आहे तर गरजही नाही.

ऑटोफोकस बंद करा, फोकस अनंतावर, झूम हवा तिथे, आणि मग फोकस रिंगला हातच लावायचा नाही. आपण स्वतः पुढेमागे व्हायचं, अगदी सावकाश झुलायचं, डोळे स्पष्ट झाले की दाबायचं, तीनचार फोटो सलग. त्यातला एखादा लागतो, बाकीचे काढून टाकायचे, यात वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं असंच चालतं. आणि टेकू शोधायचा. कोपर गुडघ्यावर, नाहीतर एक बारीक काठी जमिनीवर टेकवून डाव्या हाताने काठी आणि लेन्स एकत्र पकडायची. पान हलत असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवायची, मग पान आणि कॅमेरा एकत्र हलतात, फोकस सुटत नाही. ही युक्ती एकदा जमली की बाकी सगळं फुकट वाटेल.

डोळ्यांच्या पातळीवर उतरायचं. वरून पाठीचे फोटो काढून कोळी नुसता केसाळ गोळा दिसतो.

आठ_डोळे
आणि पहाटे जायचं. रात्रीच्या गारव्याने किडे सुस्त असतात, चतुर, टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद) गवताच्या काडीला चिकटून दवाने भिजलेले मिळतात, अगदी जवळ जाऊ देतात. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही, पुढे सरकताना एकदम नाही, थांबत थांबत. उड्या मारणारे कोळी याला अपवाद, ते उन्हं वर आल्यावर फिरतात पण त्यांना कुतूहल फार, कॅमेऱ्याकडे वळून बघतात, म्हणून तुम्ही निवडलेला विषय नवख्याला खरं तर सोपा आहे. मुंग्यांच्या नादी आत्ताच लागू नका, बारीक आणि एक क्षण थांबत नाहीत.

किडे फ्रिजमध्ये ठेवून गार करून फोटो काढतात असं कुठेतरी वाचाल, ते करू नका. मरूही शकतात, आणि पाय विचित्र आखडलेले असतात ते जाणकाराला फोटोत लगेच दिसतं.

फोनवाली
आणि फोकस स्टॅकिंग म्हणतात ते काय? त्याचं सॉफ्टवेअर महाग असतं ना?

पोकळ_नळी
फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक करायचा. हेलिकॉन आणि झेरीन विकतचे आहेत, पण पिकोले फुकट आहे आणि ह्युगिनसोबत येणाऱ्या टूल्सनेही होतं. फक्त विषय हलता कामा नये, म्हणून आधी घरातल्या वस्तूंवर करा. गंजलेला स्क्रू, पीस, जुन्या घड्याळाची चक्रं, पाण्यावर तेलाचे थेंब सोडून खाली रंगीत कागद. फोनवर करायचं तर फोकस हाताने सरकवता येतो का ते प्रो मोडमध्ये बघा, आणि फोन कशाला तरी घट्ट बांधा.

ठिपका_दिसतोय
मागवलं. माझ्या ५५-२५० चे आटे ५८ चे आहेत, म्हणजे चिमटा बसेल ना?

आठ_डोळे
बसेल. लेन्सला आधीपासून यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून बसवा, आणि सुरुवात १०० एमएमपासून करा, पहिल्याच दिवशी २५० ला गेलात तर कोळी समोर असून सापडणार नाही.